भोकरदनची खाट

आमच्या धावड्याहून जालन्याला जायचं तर सकाळची पहिली एसटी धरावी लागायची. त्या दिवशी दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, माझी ट्रंक टपावर चढवली, दोरीनं आवळून बांधली, खाली उतरले आणि गाठ ओढून बघायला परत वर चढले. कंडक्टर म्हणाला, मामा, पोरगी चालली का सोनं चाललंय? दादांनी गाठ अजून एकदा आवळली. शेजारच्या बाया खिडकीखाली उभ्या राहून सांगत होत्या, नीट राह्य, अभ्यास कर, बापाचं नाव काढ. मायनं खिडकीच्या गजातून माझा हात धरला आणि एवढंच म्हणाली, "तिथं पाय पसरून झोपत जाय."

मला असा राग आला म्हणून सांगू! गावातली पहिली पोरगी बाहेर राहून शिकायला चालली आणि हिला झोपेचं पडलंय. भोकरदन येईपर्यंत मी तोंड फुगवून बसले होते. दादांनी स्टँडवर भजी घेतली तीही खाल्ली नाहीत. नंतर राजूरच्या पुढं भूक लागली तेव्हा गार झालेली खाल्ली.

हे सगळं तुमच्यासाठी लिहून राह्यले मी, हॉस्टेलच्या पोरींनो. पोरी म्हणते, पण आता कुणाला नातवंडं झालीत, कुणी गुडघे बदलून घेतलेत. कुणी नांदेडला, कुणी हैदराबादला, एक तर पार शारजाला जाऊन बसली. आणि ज्या कुठंच गेल्या नाहीत, मंठ्यात, घनसावंगीत आपापली घरं ओढत राहिल्या, त्यांच्यासाठी तर जास्तच. तुमच्यातल्या कितीजणींना अजून माहीतच नाही की आपल्या खाटा गेल्या.

आता आपल्यातलं नसलेलं कुणी वाचत असलं तर त्याला वाटेल, खाट गेली तर गेली, त्यात काय रडायचं. म्हणून आधी खाटेचं सांगते. जालन्यातलं आमचं कॉलेज फक्त मुलींचं आणि फक्त आर्ट्सचं. मागच्या अंगाला हॉस्टेल, म्हणजे एक लांबलचक हॉल, आणि दोन्ही भिंतींना हिरव्या रंगाच्या लोखंडी खाटा. प्रत्येकीच्या उशाच्या पट्टीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं तालुक्याचं नाव. अंबड, परतूर, मंठा, जाफराबाद, भोकरदन. बदनापूरच्या पोरी रेल्वेनं जाऊन-येऊन करायच्या, त्यांना खाट नव्हती, त्याचा त्यांना भारी राग होता. रीत अशी होती की तिसऱ्या वर्षाच्या पोरीनं जाताना खाट रिकामी सोडायची नाही. आपल्या भागात बारावी झालेली एखादी पोरगी हेरायची, तिच्या घरी जायचं, बापाला राजी करायचं आणि जूनमध्ये तिला आपल्या हातानं त्या खाटेवर बसवायचं. मगच आपण सुटलो. ही रीत कुणी घातली कुणास ठाऊक. रेक्टरबाई म्हणायच्या, खाट थंड पडू द्यायची नाही, एकदा पडली की त्या वाटेनं पुन्हा कुणी येत नाही.

मला मागायला शोभाताई आली. शेजारच्या गावची, भोकरदनच्या खाटेवरून त्या वर्षी उठणारी. सोबत तिचे वडील, तेही फेटा बांधून, लुनावर. मायनं लांबूनच बघितलं, नवी साडी नेसलेली पोरगी आणि फेटेवाला बाप, आणि तिनं जे समजायचं ते समजून घेतलं. स्थळ आलं! मला मागच्या दारानं ओढून आत नेलं, अंगावर तिचं लुगडं गुंडाळलं, पोह्याला फोडणी दिली. चुलत्याला बोलावणं गेलं. मी खाली मान घालून चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले तर शोभाताईला हसू आवरेना. दादांनी रीतीप्रमाणं विचारलं, मुलगा काय करतो? तिचे वडील गडबडून गेले. मग शोभाताईच पुढं सरकली आणि म्हणाली, "काका, पोरगी मागायलाच आल्तो आम्ही. पण लग्नाला न्हाई, कॉलेजाला."

चुलते उठून गेले. मायला पोह्यांचं वाईट वाटलं. पण दादा बसून राहिले. बोलण्यात घोडं अडलं ते एकाच जागी, की पोरगी परगावी राहणार. शोभाताईनं सगळं सांगितलं. चहूबाजूनं भिंत हाय, फाटकावर म्हातारा शिपाई हाय, तो सोडून आत पुरुषमाणूस न्हाई, रेक्टरबाई दिवे मालवल्याबिगर जात न्हाई. दादा म्हणाले, बघू. पुढच्या आठवड्यात मिरची घेऊन जालन्याला गेले आणि ज्या मारवाडी शेठजींच्या आडतीवर आमचा माल जायचा त्यांनाच विचारून आले. शेठजी म्हणाले, हमारी किरण भी वहीं जाती है. झालं. दादांनी घरी येऊन टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, शेठलोकाच्या पोरी जात्यात तिथं, म्हंजी बराबरच असंल. त्या एका वाक्यावर माझा पुढचा सगळा जन्म निघाला. पोरींचं कॉलेज आहे, म्हणून पाठवलं. शेठजींची पोरगी जाते, म्हणून पाठवलं. तिथं काय शिकवतात हे दादांनी विचारलंच नाही.

पहिल्या दिवशी दुपारी दादा गेले आणि मी त्या खाटेवर आडवी झाले. घरी मी, माय आणि धाकटी भावंडं एका वाकळेवर झोपायचो. एकानं कूस बदलली की सगळ्यांनी बदलायची. पाय पोटाशी घेऊन झोपायची इतकी सवय, की त्या दुपारीही मी तशीच आखडून पडले होते. मग हळूच पाय लांब केले. ते कुणाला लागले नाहीत. कुणी म्हणालं नाही, ऊठ, पाणी आण, दिवस मावळायला आला, पोरीच्या जातीनं असं पसरून झोपू नये. तेव्हा मला मायचं बोलणं कळलं आणि मी उशीत तोंड खुपसून रडले.

आपण तिथं काय केलं, हे आता लोकांना सांगता येत नाही. आपण मोठ्यानं हसलो. नाटकात मिशा लावून पुरुषांची कामं केली. निवडणूक लढवली, आणि पडल्यावर अबोलेही धरले. इतिहासाच्या बाई वर्गात एखादी लढाई शिकवून झाली की बोट करून विचारायच्या, तुला काय वाटतं, हे बरोबर झालं का? मला घाम फुटायचा. घरी मला कुणी भाजीत मीठ बरोबर आहे का एवढंही विचारलं नव्हतं, आणि ही बाई राजेलोकांचं विचारते. पहिले सहा महिने मी नुसती उभी राहायचे आणि बाई माझ्या उत्तराची वाट बघत थांबायच्या. नंतर बोलायला लागले ते आजतागायत थांबले नाही, माझ्या नवऱ्याला विचारा.

किरण माझ्याच वर्गात होती. ती मोटारीतून यायची, मोटारीतून जायची. आम्हाला वाटायचं, हिची काय मजा आहे. एकदा ती मधल्या सुट्टीत हॉस्टेलमध्ये आली, माझ्या खाटेवर बसली आणि म्हणाली, तुझी मजा आहे, मला फाटकाच्या बाहेर पाय ठेवता येत नाही. म्हणजे शेठजींची पोरगीही त्या भिंतीपाशीच येऊन थांबलेली होती. त्या दिवसापासून आमची मैत्री झाली, ती अजून आहे.

माझी वेळ आली तेव्हा मी पिंपळगावच्या कावेरीला मागायला गेले. तिच्या बापानं मला दोनदा ओट्यावरून परत पाठवलं. तिसऱ्यांदा दादा सोबत आले. दादांनी शोभाताईच्या वडलांसारखाच फेटा बांधला होता आणि मी न सांगता त्यांनीच सगळं बोलून दाखवलं, भिंत हाय, शिपाई हाय, माझी पोरगी राह्यली न, तिला काय झालं? जूनमध्ये कावेरीला खाटेवर बसवून मी बाहेर आले. शिपाईकाका म्हणाले, आता पाहुणी म्हणून यायचं. मी हो म्हटलं आणि फाटक ओलांडलं.

लग्न झालं आणि पुण्याला आले. तेव्हा आमच्या कॉलेजचं नाव स्थळं जमवायला फार कामी यायचं. मुलगी महिला कॉलेजची बी.ए. आहे म्हटलं की मुलाकडचे माना डोलवायचे. शिकलेली, वर राखणीतली. त्या कौतुकाचा आता विचार केला की अंगावर काटा येतो, पण तेव्हा त्याच कौतुकावर बापलोक पोरी धाडत होते. पुण्यात आल्यावर पहिल्याच महिन्यात कळलं की इथं त्या नावाला कोणी ओळखत नाही. कुठलं कॉलेज? जालना? मुलींचं? आर्ट्स? असं एकेक पायरी खाली उतरल्यासारखं विचारायचे आणि शेवटी "अच्छा" म्हणायचे. माझं न्हाईचं नाही झालं, मंगचं मग झालं. कोथिंबिरीला मी सांबार म्हणते हे शेजारणींना सांगून सासूबाई कितीतरी दिवस हसत राहिल्या. सई थोडी मोठी झाल्यावर मी एका हॉस्पिटलमध्ये फ्रंट ऑफिसला लागले. तिथं घाबरलेल्या माणसांशी बोलायचं काम. ते मला येतं. एक म्हातारा पेशंट मला म्हणाला, मॅडम, तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेता. इतिहासाच्या बाईंनी शिकवलेलं ते एवढंच कामाला आलं म्हणायचं, पण रोज येतं.

माझी लेक सई इंजिनीअर झाली. ती एकदा म्हणाली, आई, मुलींचं वेगळं कॉलेज म्हणजे पिंजराच ना गं? मी चिडले. मग विचार केला, तिचं काय चुकलं? तिला कुणी कधी कुठं जाऊ नको म्हटलंच नाही. ज्याला दारं उघडी आहेत त्याला खिडकीचं काय कौतुक सांगणार? तिला एवढंच म्हटलं, बाई, तो पिंजरा होता तर आम्ही त्यात पाय पसरून झोपलो. तिला ते काही कळलं नाही, ती लॅपटॉप उघडून बसली.

कॉलेज उतरणीला लागल्याचं किरणनंच सांगितलं होतं. तिचं लग्न जालन्यातच झालं, तिच्या नवऱ्याचा एमआयडीसीत सळईचा कारखाना आहे. ती दर दिवाळीला फोन करायची आणि कॉलेजची खबर द्यायची. आधी त्यांच्या समाजाच्या पोरी बंद झाल्या. त्या आता पुण्याला, इंदूरला बी.बी.ए. करतात, कारण तिकडंच आता घराण्याची शान आहे. मग नोकरदारांच्या पोरी फार्मसीला, नर्सिंगला गेल्या. चांगलंच झालं की, त्यांना नोकऱ्या लागल्या. मग राहिल्या खेड्यातल्या. तर खेड्याच्या अवतीभवती दुसरीच कॉलेजं निघाली, नाव घाला, घरी बसा, परीक्षेला या. पोरीला हॉस्टेलला ठेवायचा खर्चा कशाला, घरबसल्या बी.ए. होतंय की! पोरगी शेतात खुरपते आणि कागदावर इतिहास शिकते. ज्या नावाला आधी लोक माना डोलवायचे तेच नाव घेतलं की आता विचारतात, का, दुसरीकडं नंबर लागला न्हाई का?

पण किरण काही सांगो, मला आतून वाटायचं, खाट आहे. कुणीतरी कुणाला तरी बसवत असेल.

आता वैष्णवीचं सांगते, त्यासाठीच हा सगळा पसारा मांडला. वैष्णवी माझ्या धाकट्या भावाची, भागवतची मुलगी. भागवत धावड्यालाच असतो, मिरची आणि मका करतो, माय त्याच्याकडंच असते. दादा जाऊन बरीच वर्षं झाली. ही पोरगी अशी बोलते की ऐकत राहावं. शाळेत असताना वक्तृत्वात तालुक्यात पहिली आली तेव्हा गावानं ट्रॅक्टरवर बसवून आणली. तिला सायन्स नको, फार्मसी नको. इतिहास शिकायचाय, बोलायचंय, पुढं प्राध्यापक व्हायचंय. बारावीला आर्ट्समध्ये केंद्रात पहिली आली आणि त्याच आठवड्यात वाळूजच्या कंपनीतल्या मुलाचं स्थळही आलं. मुलगा बरा, माणसं बरी, थांबायला मात्र तयार नाहीत.

मी पुण्याहून फोनवर फोन केले. भागवत एकदा वैतागून म्हणाला, आक्का, तिकडं बसून उंटावरून शेळ्या हाकू नको. मग मी रजा टाकून गावालाच गेले. ओट्यावर बसून मी, तो आणि माय अशी दुपारभर बोलणी झाली. भागवतचं म्हणणं, भोकरदनला पोरा-पोरींत नको. संभाजीनगरला तर बिलकुल नको, तिथल्या दोन भानगडी त्यानं ऐकल्या होत्या. घरबसल्या बी.ए.चं मी बोलू दिलं नाही. शेवटी माय भिंतीला टेकून बसली होती ती म्हणाली, "माझी लेक गेल्ती तशी नात जाईल. मंगलच्या खाटेवर." भागवत बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी खेळत होता. मग म्हणाला, "त्या पोरींच्या कॉलेजात असंल तर धाडतो. तुझी खाट हाय न तिथं? मंग त्या वाळूजवाल्याला मी न्हाई म्हणून सांगतो."

वैष्णवी दाराआड उभी होती. ती आली आणि माझ्या पाठीला बिलगली.

मी लगेच कॉलेजला फोन लावला. ऑफिसातला माणूस म्हणाला, प्रवेश चालू आहेत, या की. हॉस्टेलचं? या, इथं आल्यावर बोलू. आपल्याकडं आल्यावर बोलू म्हणजे झालंच समजायचं, तसं मी समजले. मायनं माझीच जुनी ट्रंक माळ्यावरून काढली, भागवतनं तिला निळा रंग दिला. निघायच्या दिवशी शेजारच्या बाया जमल्या. तेच बोलल्या, अभ्यास कर, नाव काढ. माय आता काठीशिवाय उभी राहत नाही. तिनं वैष्णवीला जवळ ओढलं आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. काय सांगितलं हे मला विचारायची गरज नव्हती.

भागवतनं गाडी ठरवली होती. वाटेत मी वैष्णवीला सगळं सांगत होते, खिडकीत उभं राहिलं की कडुनिंब दिसतो, उन्हाळ्यात खाटेची पट्टी तापते म्हणून उशाला ओढणी टाकायची, मेसमधलं वरण पातळ असतं पण लोणचं झकास. भागवत पुढं बसून ऐकत होता आणि मधूनच हसत होता. पोटच्या पोरीला सोडायला चाललेला बाप हसत होता, हे मला अजून डोळ्यांसमोर दिसतं.

फाटकावर शिपाई नव्हता. आत पोरं होती. मोटारसायकली लावून, पायरीवर बसलेली. भागवत दारातच थबकला. मी म्हटलं, कुणाचे भाऊ आले असतील, चल. हॉस्टेलच्या दारावर बोर्ड होता, स्पर्धा परीक्षा अभ्यासिका. दार उघडंच होतं. आत नवीन टेबलं, प्लायवूडचे खोके करून बसवलेल्या जागा, कानात वायरी घालून वाचत बसलेली पोरं, चार-दोन पोरी. आणि फरशीवर दोन्ही भिंतींच्या कडेनं गंजाचे गोल गोल डाग. खाटांच्या पायांचे. माझी खाट खिडकीजवळ होती, तिथले चार डाग मी शोधले. एकावर एका मुलाचा पाय होता.

प्राचार्यबाई भल्या होत्या, त्यांनी चहा मागवला. त्या आमच्यानंतरच्या बॅचच्या, परतूरच्या खाटेवरच्या. त्यांनी सगळं सरळ सांगितलं. हॉस्टेलला मागच्या वर्षी चार पोरी उरल्या होत्या. चौघींसाठी मेस चालत नाही, रेक्टर मिळत नाही. संस्थेनं हॉल भाड्यानं दिला. यंदापासून कॉलेजात मुलंही घ्यायला लागलो, नाहीतर तुकडीच बंद होत होती. "मीच सही केली," त्या म्हणाल्या, आणि डोळ्याला पदर लावला. वैष्णवीकडं बघून म्हणाल्या, प्रवेश देते बाळा तुला, आत्ता देते, पण राहायचं मात्र बाहेर बघावं लागेल.

भागवत उठून बाहेर गेला. मी मागं गेले. तो कडुनिंबाखाली उभा होता, ट्रंकेला रंग देताना नखात गेलेला निळा रंग तसाच होता. मी म्हटलं, आपण खोली बघू, किरणला विचारू, काहीतरी करू. तो भांडला असता तर बरं झालं असतं. तो फार सावकाश म्हणाला, "आक्का, मी न्हाई म्हणलो नव्हतो."

खरं होतं. तो नाही म्हणाला नव्हता. आमच्या घरातली दुसरी पिढी एका पोरीला हो म्हणाली होती, आणि त्या होकाराला जाऊन बसायला जागा उरली नव्हती. कुणाला शिव्या द्याव्यात? प्राचार्यबाईंना? फार्मसीला गेलेल्या पोरींना? माझ्या सईला? ज्यांना दुसरी दारं उघडली त्या गेल्या, जायलाच पाहिजे होतं. पण ज्यांना तेवढं एकच दार होतं त्यांचं काय, हे जाताना कुणी वळून बघितलं नाही.

वैष्णवी गाडीत बसून होती. तिनं ट्रंक उतरवूच दिली नव्हती, म्हणाली, आधी खाट बघून या.

जाताना किरणकडं थांबलो. तिला मी काही सांगायच्या आधीच तिनं माझा हात धरला आणि रडायला लागली. म्हणाली, तुला फोन करायचा धीर झाला नाही. उन्हाळ्यात शेजारच्या कारखान्यात भंगाराचा टेम्पो उतरला, तिच्या नवऱ्यानं सहज घरी सांगितलं की कॉलेजच्या खाटा आल्यात. ती तशीच रिक्षानं एमआयडीसीत गेली. आयुष्यात पहिल्यांदा एकटी रिक्षानं तिकडं गेली असेल. "जल्दी जल्दी गेले गं मी, पण भट्टीत टाकून झालं होतं," ती म्हणाली. एक हिरवी पट्टी तेवढी खाली पडलेली दिसली, ती तिनं मागून घेतली. त्यावर नाव नव्हतं, नुसता रंग होता. ती तिनं मला दाखवली आणि परत कपाटात ठेवली. मी मागितली नाही. तिला खाट कधी मिळालीच नव्हती, पट्टी तरी राहू दे तिच्याकडं.

मी शेवटचं म्हणून पाहिलं. पुण्याला माझ्याकडं राहू दे, सईची खोली रिकामी आहे, नवऱ्यानंही हो म्हटलं होतं. भागवत तयार झाला नाही आणि मायही झाली नाही. लेकीच्या घरचं पाणी पिताना आमच्याकडं जुनी माणसं विचार करतात, तिथं नात वर्षानुवर्षं ठेवायची? माय म्हणाली, जावायाच्या दारात पोरीला मिंधं करू न्हाई मंगल, ती पाय आखडूनच झोपंल तिथं. माझ्याच घरात मी अजून पाय आखडून झोपते.

वाळूजवाल्यांना भागवतनं नकार कळवला होता. त्यानं परत फोन केला. ते थांबलेले नव्हते, पण त्यांना दुसरी कुणी मिळालीही नव्हती. लग्न ठरलं. वैष्णवीला अठरा पूर्ण झाली होती, कायद्याचं काही राहिलं नव्हतं. तिचं नाव भोकरदनच्या त्या घरबसल्या कॉलेजात घातलं आहे. मुलाकडचे म्हणाले, परीक्षेला पाठवू की.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी धावड्याला पोचले. पुण्यात लोक विचारतात, गावी कोण असतं? मी सांगते, माय असते, भाऊ असतो. पण खरं सांगू का पोरींनो, धावड्याला गेले की मी पाहुणी असते आणि पुण्यात सून. ज्या एका जागी मी कुणाची काहीच नव्हते, नुसती मंगल होते, ती जागा जालन्यात होती. इतकी वर्षं एसटी जालन्याच्या स्टँडात शिरली की मला वाटायचं, आलं घर. परत उतरून गेले नाही कधी, तरी वाटायचं. परवा गाडी स्टँडात शिरली आणि मी खिडकीतून बाहेर बघितलंच नाही.

अंगणात मांडव घातला होता आणि कडेला आंदण मांडलं होतं. कपाट, मिक्सर, भांडी, आणि मधोमध मोठा दिवाण, गादीसकट, वरचं प्लास्टिक न काढलेला. भागवतनं हात राखला नव्हता. बाया दिवाणावर थापट्या मारून गादी किती जाड आहे ते बघत होत्या. वैष्णवीच्या अंगाला हळद लागली होती. बाया जेवायला उठल्या तेव्हा तिनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं पाणी मागेल. ती दिवाणाकडं बघत होती.

"आत्या," ती म्हणाली, "तुमची खाट केवढी व्हती?"

मी दोन्ही हात समोर धरून दाखवलं, एवढी.

"म्हंजी?"

"एकटीपुरती."

ती माझ्या दोन हातांमधल्या जागेकडं बघत राहिली. मला हात खाली घेता येईनात. मग बाहेरून कुणीतरी हाक मारली, नवरीला आणा, आणि ती उठली.